सातवीतला भाचा, भरलेली पाण्याची बाटली आणि फक्त मला ठाऊक असलेली एक गोष्ट

अबोली | ११ जुलै, रात्री ११.०५

मंडळी, स्वतःहून धागा काढायची ही माझी पहिलीच वेळ. गावाचे आणि शाळेचे नाव देणार नाही, कृपया विचारू नका. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, वय १२, यंदा सातवीत गेला. सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, एकत्र कुटुंब, खते-बियाण्यांचे दुकान. ताईच्या मोठ्या जावेला तीन मुली, ताईला हा एकटा. तीन नातींवर झालेला नातू, त्यामुळे त्याच्या बारशाचे जेवण अजून गावात लोक काढतात. ताईच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतले आखाडे गाजवलेले. मिळालेली गदा देवघराशेजारी ठेवलेली आहे, दसऱ्याला तिची पूजा होते. नातवाला ते पहाटे पाचला उठवून जोर-बैठका काढायला लावतात. मनाने फार प्रेमळ माणूस. 'ह्याच्या लग्नात हत्तीवरून साखर वाटणार' हे मी बारा वर्षे ऐकते आहे.

मागच्या आठवड्यात ताई त्याला घेऊन पुण्याला माझ्याकडे आली. तिसऱ्यांदा लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून घेतली, औषध दिले आणि त्याला सहज विचारले, "शाळेत किती वेळा जातोस रे लघवीला?" तो म्हणाला, "जात नाही." सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच. ताई म्हणाली, "बाटली भरून देते, तशीच भरलेली परत येते. मला वाटायचं विसरतो."

त्या रात्री ताई झोपल्यावर आम्ही दोघे मेथी निवडत बसलो होतो. खाली मान घालून, एकेक पान तोडत तो बोलला. सहावीत असताना वहीच्या शेवटच्या पानावर त्याने वर्गातल्या एका मुलाबद्दल काहीतरी लिहिले होते. 'तो हसतो तेव्हा बरं वाटतं' एवढेच. ती वही दुसऱ्याच्या हाती लागली, मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचली गेली. तेव्हापासून त्याला नाव राहिलेले नाही. बायल्या, छक्का, नाहीतर त्याच्या नावाला 'बाई' जोडून हाक. मुतारीच्या दारात चारपाच जण उभे राहतात, 'तिकडे पोरींच्यात जा' म्हणतात. एकदा चड्डी ओढली. म्हणून पाणीच प्यायचे नाही. वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटात त्याच्या फोटोचे स्टिकर फिरते. एका सरांना सांगितले तर सर म्हणाले, "तूही जरा मुलासारखा वाग की."

मग तो म्हणाला, "मावशी, मला ना, मुलगेच आवडतात. आईला सांगू नको. तात्यांना कळलं तर ते मरून जातील."

मला काही सुचेना. जवळ घेतले. "बरं झालं सांगितलंस, भूक लागली का?" असे काहीतरी बोलले. रात्री साडेबाराला मुगाची खिचडी टाकली आणि तो दोन वेळा मागून जेवला. "नाही सांगणार" असा शब्द मी त्याला देऊन बसले आहे.

ते काल गेले. गाडीत बसताना त्याने मागे वळून पाहिले ते डोळ्यांसमोरून हलत नाही. ताई माझी सख्खी बहीण, माझ्यापासून तिने आजवर काही लपवलेले नाही. तिला सांगू का? आणि सांगितले नाही तर हा छळ थांबवायचा कसा?

---

माळरान | ११ जुलै, रात्री ११.४८

अबोलीताई, खिचडी टाकलीत ना, अर्धे काम तिथेच झाले.

मी चाळिशीकडे आलो. लातूरकडचा. मी पण हाच मुलगा होतो. आमच्या वर्गात मला 'ताई' म्हणायचे. पीटीचे सर हजेरी घेताना माझ्या नावावर थांबायचे, वर्ग हसायचा, मग सर पण हसायचे. मुलांचे हसणे मी सहन केले असते. सरांच्या हसण्याने मुलांना परवाना मिळायचा.

मी घरी जायला वेशीबाहेरचा रस्ता धरायचो. पाऊण तास जास्त. आई विचारायची उशीर का, मी म्हणायचो खेळत होतो. ती बिचारी खूश व्हायची, पोरगं मैदानावर जातं म्हणून.

मला वाचवले आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी. काही बोलले नाहीत, काही विचारले नाही. एक दिवस म्हणाले, "मधल्या सुट्टीत वाचनालयाची पुस्तकं पुसायला माणूस पाहिजे, तू ये." पुढची तीन वर्षे मी पुस्तके पुसली. त्यांना काय कळले होते, काय नाही, मला आजही ठाऊक नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल. त्याने बारा वर्षांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तुमच्याकडे ठेवायला दिली आहे. त्याला न विचारता ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका, सख्ख्या आईच्या सुद्धा. वही एकदा मोठ्याने वाचली गेलीच आहे.

---

पाटीपेन्सिल | १२ जुलै, सकाळी ६.५५

शाळेला निघायच्या घाईत आहे, पण हे लिहिल्याशिवाय जाववत नाही. अनुदानित शाळेत २२ वर्षे शिकवते आहे.

अबोली, तुम्ही दोन गोष्टींची गाठ मारली आहे, ती आधी सोडवा. त्याला कोण आवडते ही एक गोष्ट. मुतारीच्या दारात चार मुले उभी राहतात ही दुसरी. तक्रार दुसऱ्या गोष्टीची करायची आहे, आणि त्यासाठी पहिलीचा एक शब्दही उच्चारावा लागत नाही. 'माझ्या मुलाला शाळेत लघवीला जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्याला तीनदा संसर्ग झाला, सोबत डॉक्टरांचा कागद' हे वाक्य कोणत्याही मुख्याध्यापकाला हलवायला पुरेसे आहे. आईला एवढे सांगायला भाच्याची परवानगी मागा. तो देईल असे वाटते, कारण छळ थांबावा हे त्यालाही हवेच आहे.

आता काम कसे होते ते सांगते. तोंडी सांगितलेले हवेत जाते. अर्ज लेखी द्या, दोन प्रती. एकीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. अर्जात विशेषणे नकोत, तारखा हव्यात. कोणत्या दिवशी, कोणत्या सुट्टीत, काय झाले, कोणत्या शिक्षकांना सांगितले, ते काय म्हणाले. स्टिकरचा स्क्रीनशॉट जोडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. 'मुलासारखा वाग' म्हणणाऱ्या सरांचा उल्लेख करताना ते कलम लिहा. शाळांमध्ये तक्रार पेटी असावी असा शासनाचा २०१७ चा निर्णय आहे, आणि २०२२ च्या निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही स्थापन करायची आहे. नाव 'सखी' असले तरी मुलग्यांच्या तक्रारीही तिथे नेता येतात. मुख्याध्यापकांनी आठ-दहा दिवसांत काही केले नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी.

मागणी नेमकी करा. दोन्ही सुट्ट्यांत मुतारीपाशी एक शिक्षक उभे राहावेत. बाकाची जागा बदलावी. त्या मुलांच्या पालकांना वेगवेगळे बोलवावे.

आणि एक गोष्ट होऊ देऊ नका. आम्ही शिक्षक नेहमी हेच चुकतो. सगळ्यांना समोरासमोर उभे करायचे, 'हात मिळवा, मित्र व्हा' म्हणायचे आणि प्रकरण मिटले म्हणायचे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एकट्या मुलाचे काय होते ते मी पाहिले आहे. मीच एकदा असे हात मिळवायला लावले होते.

---

कृष्णाकाठ | १२ जुलै, सकाळी ९.२०

सौ. अबोली, माझे वय ७१. निवृत्त आहे, मला दोन नातू आहेत. आपल्या धाग्याने अस्वस्थ झालो. छळ वाईटच, त्या मुलांना समज दिली पाहिजे यात दुमत नाही.

परंतु बारा वर्षे हे काय वय आहे का? या वयात मुलांची मैत्री घट्ट असते, मन भरकटते. आपण मोठ्यांनी त्याला लगेच नाव दिले तर तो तेच धरून बसेल. व्यायाम, तालीम, चांगली संगत मिळाली तर पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात. आजोबांना दोष देऊ नये. गरज वाटल्यास एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून औषधोपचार करावा. राग मानू नये, कळकळीने लिहितो आहे.

---

दवाखाना | १२ जुलै, दुपारी २.१०

काका, तुमची कळकळ पोचते आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी नागपूरला मानसोपचार करतो. मुले-किशोर जास्त येतात.

नाव आपण द्यायचे नाही, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. बारा वर्षांचा मुलगा जे सांगतो ते ऐकायचे. उद्या तो आणखी वेगळे काही म्हणाला तर तेही ऐकायचे. पण 'भरकटणे' हा शब्द मी वापरणार नाही. त्याच्याच वर्गातला एखादा मुलगा शेजारच्या बाकावरच्या मुलीला पाहून लाजला, तर आपण त्याला भरकटला म्हणत नाही, घरी चिडवतो आणि हसतो. त्या मुलाला बारा वर्षे पुरेशी वाटतात. मग याला का नाही?

औषधाबद्दल. आजारच नाही तर औषध कशाचे? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला. आपल्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हेच जाहीरपणे सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एका प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले, की 'बदलून देतो' म्हणून केले जाणारे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तेव्हा कोणी गोळ्या, संमोहन, शॉक, इंजेक्शन यांतले काही सुचवले तर मुलाला घेऊन तिथून उठायचे.

त्या मद्रासच्या खटल्यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी खुल्या मनाने सांगितले की मला या विषयाची नीट समज नाही. निकाल देण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांपुढे शिकायला बसले.

अबोलीताई, लघवी रोखून धरल्याने संसर्ग होणे, शाळेच्या दिवशीच पोट दुखणे, रविवारी संध्याकाळी गप्प होणे हे आमच्याकडे इतक्या वेळा येते की मी आता आधी मधल्या सुट्टीबद्दल विचारतो. तमिळनाडूतल्या अशा तरुणांच्या अनुभवांवर युनेस्कोने २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ६० टक्के जणांनी माध्यमिक शाळेच्या वयात शारीरिक त्रास भोगल्याचे सांगितले, आणि शाळेकडे तक्रार केलेले होते फक्त १८ टक्के. तुमच्या भाच्याने सरांना सांगितले, तुम्हालाही सांगितले. फार धीराचा मुलगा आहे.

लक्ष ठेवा. झोप उडणे, जेवण तुटणे, आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणे, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा. यातले काही दिसले तर थांबू नका, आणि अशा वेळी दिलेला शब्द मोडावा लागला तरी चालेल. हे त्याला आजच सांगून ठेवा: "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी बोलेन, एरवी नाही." मुलांना ही अट कळते. टेलिमानस (मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (अडचणीतल्या मुलांसाठी) १०९८, दोन्हींवर रात्री-अपरात्री बोलता येते, दोन्ही मोफत. नंबर त्याला पाठ करायला सांगा, लिहून नको.

---

काळाकोट | १२ जुलै, दुपारी ४.३५

चड्डी ओढली, हे वाचून लिहितो. हा प्रकार पुन्हा झाला, शरीराला हात लावला किंवा व्हिडिओ काढला, तर तो पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कक्षेत जाऊ शकतो. हा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या माणसाला पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शाळेलाही आणि तुम्हालाही. समोरचीही मुलेच आहेत, त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्यांना तुरुंगात पाठवा असे मी म्हणत नाही. पण शाळेशी बोलताना हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. आधी भाच्याकडून नेमके काय झाले ते शांतपणे एकदाच ऐका, पुन्हा पुन्हा विचारू नका.

मोठेपणीच्या भीतीबद्दलही सांगतो, कारण अशी मुले नेटवर काहीबाही वाचतात. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना लागणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिले. कुटुंबीयांचीही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लग्नाला कायद्याची मान्यता मात्र नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती मिळाली नाही. त्याने विचारले तर दोन्ही खरे सांगा.

---

जाईजुई | १२ जुलै, रात्री १०.१५

मी आई आहे. माझ्या मुलाने मला तो एकोणीस वर्षांचा असताना सांगितले. मी काय केले ते लिहिते, तुमच्या ताईला पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून.

पहिले म्हणजे मी रडले. त्याच्यासमोर. तीन दिवस. तो मलाच पाणी आणून देत होता. मग मी तुळजापूरला नवस बोलले. मग कोणीतरी सांगितले म्हणून नगरकडच्या एका देवऋष्याकडे नेले, त्याने लिंबू उतरवले, अंगारा दिला. तो निमूटपणे आला माझ्याबरोबर. एवढा उंच मुलगा, त्या ओसरीवर मान खाली घालून बसलेला. मग एका डॉक्टरांकडे नेले, त्यांनी 'लग्न लावा, सुटेल' म्हणून सांगितले. ही तीन वर्षे मी त्याच्या आयुष्यातून खाल्ली. आता आम्ही चांगले आहोत, रोज फोन होतो. पण ती ओसरी मला स्वप्नात दिसते.

मी रडत होते ते कशासाठी, हे मला फार उशिरा समजले. त्याला काहीच झाले नव्हते. मी माझ्या मनातल्या सुनेसाठी रडत होते. तिच्यासाठी पाटल्या जपून ठेवल्या होत्या मी. जी मुलगी कधी नव्हतीच तिच्यासाठी असलेल्या मुलाला रडवले.

मुंबईला 'स्वीकार' म्हणून अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे, तिथे मी पहिल्यांदा मराठीत मोकळी बोलले. अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत, पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट तर १९९४ पासून आहे. मुलाला आत्ता कुठे न्यायची गरज नाही. अबोली, तुम्ही स्वतः जाऊन बोला. तुम्हीही एकट्या आहात यात.

---

लालबस | १३ जुलै, सकाळी ७.३०

मी त्या चौघांतला आहे. म्हणजे तुमच्या भाच्याच्या शाळेतला नव्हे, पण आमच्या शाळेत मुतारीच्या दारात उभा राहणारा मीच.

कोल्हापूरकडचा, १९९६ ची आठवी. आमच्या वर्गात एक पोरगं होतं, हुशार, अक्षर मोत्यासारखं. का छळलं त्याला? मला खरंच त्याचा राग नव्हता. मी स्वतः किडकिडीत होतो. त्याच्याकडं बोट दाखवलं की माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, एवढंच कारण. घरी वडील मला 'बायकांसारखं रडतोस काय' म्हणून हाणायचे, मी शाळेत तेच त्याला म्हणायचो.

त्यानं नववीत शाळा सोडली. मामाच्या गावी गेला म्हणाले.

मला काय थांबवलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सरांच्या छडीनं नसतो थांबलो. आमच्यातल्याच एकानं, ज्याला आम्ही मानायचो, 'बास आता, चल खेळायला' एवढं म्हटलं असतं तर त्याच दिवशी संपलं असतं. पाटीपेन्सिल मॅडम, वर्गात असा एखादा पोरगा असतोच. त्याला बाजूला घेऊन बोला. त्याच्या हातात शिक्षकांपेक्षा जास्त असतं.

मी त्या मित्राला शोधलं, सापडला नाही. मित्र म्हणायचा अधिकार नाही मला, पण दुसरा शब्द नाही.

---

पाटीपेन्सिल | १३ जुलै, रात्री ९.००

लालबस, तुमचा प्रतिसाद उद्या शिक्षकखोलीत नाव न सांगता वाचून दाखवला तर चालेल का?

---

लालबस | १३ जुलै, रात्री ९.१२

चालेल.

---

पैलतीर | १४ जुलै, पहाटे ३.४०

आम्ही न्यूजर्सीत, एडिसनजवळ. इथे २०११ पासून शाळांतल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे, मुलाला कोण आवडते यावरून होणारा छळही त्यात नाव घेऊन लिहिला आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. माझ्या मुलीच्या बाबतीत शाळेने चौकशी केली, लेखी कळवले, त्रास थांबला. सगळे रीतसर.

पण घरात मी काय केले? गणपतीला आमच्याकडे चाळीस माणसे असतात. मी तिला म्हटले, "लोकांसमोर काही बोलू नकोस हं, आजी आलीय भारतातून." ती मखराच्या मागे बसून राहिली पूर्ण संध्याकाळ. शाळेने तिला बोलायला जागा दिली, आईने तोंडावर बोट ठेवायला लावले. म्हणून मला तात्यांचा प्रश्न शाळेपेक्षा मोठा वाटतो. शाळा तीन वर्षांत संपते.

---

कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी १०.०५

डॉक्टर, आपले उत्तर दोनदा वाचले. जाईजुई ताईंचेही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. माझा एक चुलतभाऊ होता, माझ्याच वयाचा. लग्नाला नकोच म्हणायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यात मीही होतो, १९७७ साली त्याचे लग्न लावून दिले. मांडवात मी त्याच्याशेजारी उभा होतो. वहिनी वर्षभराने माहेरी गेली ती परतली नाही. तिचे दुसरे लग्न झाले नाही. तिला 'नांदली नाही' असे सगळे म्हणायचे, आणि ती कधी काही बोलली नाही. भाऊ आयुष्यभर वरच्या खोलीत राहिला, पन्नाशीत गेला. मृत्यूनंतर त्याच्या पेटीत एका मित्राची पत्रे सापडली. मी ती न वाचता जाळली. घराण्याची अब्रू राखली असे मला वाटले होते.

इथले सगळेच मला पटले आहे असे नाही. तालीम वाईट नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण दोन माणसांची आयुष्ये आम्ही एका मांडवात संपवली, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. अबोली, त्या मुलाला लग्नाच्या गोष्टींपासून जपा.

---

माळरान | १४ जुलै, सकाळी १०.५०

काका, तुम्ही लिहिलेत म्हणून मनापासून आभार. मी ऑफिसमध्ये आहे, बाहेर जाऊन आलो.

ताई, तालमीवरून एक सांगायचे राहिले. इथे वाचणाऱ्यांनी असे समजू नये की असा मुलगा म्हणजे नाजूकच असणार आणि तालीम त्याला नकोच असणार. मी स्वतः कबड्डी खेळायचो, तालुक्यापर्यंत गेलो. तुमच्या भाच्याला जोर-बैठका आवडतात की नाही, हे त्याला विचारलेय का कुणी? आवडत असतील तर 'सुधारण्यासाठी' म्हणून त्या करायला लावून त्यांची गोडी घालवू नका. नसतील तर पहाटे पाचला झोपू द्या.

---

अबोली | २१ सप्टेंबर, रात्री १०.३०

दोन महिन्यांनी येते आहे, माफ करा. सगळे वाचत होते, पण लिहिण्याआधी काहीतरी घडायला हवे होते.

भाच्याला फोनवर विचारले. छळाचे सांगू, दुसरे नको, असे तो लगेच म्हणाला. मी गेले, ताईला आणि दाजींना बसवून सांगितले. दाजी उठून बाहेर गेले, अर्ध्या तासाने आले, डोळे लाल. म्हणाले, "इतके दिवस पोरगं पाणी पीत नव्हतं आणि मी दुकानात बसलो होतो."

अर्ज पाटीपेन्सिल यांनी सांगितला तसाच लिहिला. मुख्याध्यापक आधी म्हणाले, मुले चेष्टा करतातच. दाजींनी दुसरी प्रत पुढे करून शिक्का मागितला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला. चड्डी ओढल्याचे काळाकोट यांनी लिहिले होते तसे बोललो. मग चक्रे फिरली. मधल्या सुट्टीत आता तिथे एक शिक्षिका असतात. पालकांना वेगवेगळे बोलावले. स्टिकर गटातून काढले, गटही बंद झाला. त्या सरांनी माफी वगैरे मागितलेली नाही, पण गप्प आहेत. एक मुलगा एसटी स्टँडवर अजून बोलतो. पूर्ण थांबले आहे असे म्हणणार नाही. बाटली संध्याकाळी कधी अर्धी येते, कधी रिकामी. ताई रोज उघडून बघते.

तात्यांना दुकानातल्या कुणाकडून तरी कळले की नातवाला पोरे त्रास देतात. कशावरून, हे त्यांनी विचारले नाही. आठवडाभर शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या पारावर जाऊन बसले. पागोटे, काठी, काही बोलणे नाही. भाचा म्हणतो, त्या आठवड्यात स्टँडवरसुद्धा कुणी बोलले नाही. आणि माळरान, मी विचारले त्याला. जोर-बैठका आवडत नाहीत, विहिरीत पोहायला आवडते. तात्यांना त्याने स्वतः सांगितले. ते म्हणाले, "मग आदुगर का बोलला नाहीस? पवनं बी अंगमेहनतच हाय." आता दोघे सहाला विहिरीवर जातात. हत्तीवरून साखर मात्र अजून चालूच आहे. गणपतीत आरतीनंतर पुन्हा निघाली, भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याला प्रसाद वाटायला माझ्याबरोबर नेले.

मी समपथिकमध्ये जाऊन आले, तास-दीड तास बोलले. जाईजुई, तुम्ही म्हणालात ते खरे होते, मी एकटी पडले होते.

परवा निघताना ताई मला स्टँडवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. म्हणाली, "तो तुला काहीतरी सांगतो, मला सांगत नाही. होय ना?"

मी म्हटले, "होय."

"वाईट आहे का?"

"नाही. अजिबात नाही."

ती बराच वेळ फलाटाकडे बघत राहिली. मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "मग त्याला सांग, आई वाट बघतेय म्हणावं. घाई नाही."

काल रात्री फोनवर सांगितले त्याला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अशीच म्हणाली? पुन्हा सांग."